एका कॅसेटीतील भाषा : ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) या खेळाचा पुनर्विचार

१

भाषेचा इतिहास ग्रंथांत, शिलालेखांत व दप्तरांत शोधण्याची आपली परंपरा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या साधनांकडे आपण केवळ मुलांची करमणूक म्हणून पाहतो, त्यांतही भाषेच्या अभ्यासकास उपयोगी पडेल अशी सामग्री दडलेली असते. प्रस्तुत लेखात अशाच एका साधनाचा विचार करावयाचा आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी व्हिडिओ खेळ २७ मे १९८६ रोजी प्रसिद्ध झाला. युजी होरी यांनी त्याची रचना व संहिता केली, कोइची नाकामुरा यांनी त्याचे यंत्रलेखन केले, अकिरा तोरियामा यांनी चित्रे काढली आणि कोइची सुगियामा यांनी संगीत दिले. ‘एनिक्स’ ही त्याची प्रकाशनसंस्था होय. त्याचे तिसरे पुष्प २०२४ साली व पहिली दोन २०२५ साली नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाली. यावरून चार दशकांनंतरही त्याची लोकप्रियता टिकून आहे, हे दिसून येते.

खेळाचे कथानक साधे आहे. एका प्राचीन वीराचा वंशज राजाच्या आज्ञेने बाहेर पडतो, गावोगावी चौकशी करतो, राक्षसांशी लढत बळ वाढवितो, राजकन्येची सुटका करतो आणि शेवटी नागराजाचा पराभव करतो. अशा अद्भुताचे आपणांस वावडे नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ तर अनेक पिढ्यांनी वाचले. वाचकाने स्वतःच नायकाची भूमिका घेऊन कथा पुढे न्यावयाची, एवढेच या खेळातील नवे तत्त्व होय. त्याचा उगम १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात सापडतो. १९८१ साली संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’ या खेळांतून ते तत्त्व होरी यांच्यापर्यंत पोहोचले.

हा खेळ ज्या यंत्रावर चाले त्याच्या नकला १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचल्या. गोंदिया शहरास लागून असलेल्या फुलचूर या आमच्या गावातही त्या होत्या. यंत्र आले, परंतु हा खेळ मात्र आला नाही. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्राच्या शक्तीत नसून भाषेत आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी प्रथम त्या कॅसेटीत भाषेला जागा कशी मिळाली, हे पाहणे अवश्य आहे.

२

‘कॅसेट’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. या यंत्रात खोवावयाच्या डबीस तिकडे ‘कार्ट्रिज’ म्हणत. आपल्याकडील मुलांनी गाण्याच्या फितीचे नाव तीस दिले व तेच रूढ झाले.

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या कॅसेटीत एकूण ६४ किलोबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट एवढी जागा होती. चित्रे, संगीत, नकाशे, लढाईचे गणित आणि सर्व पात्रांची भाषणे यांतच बसवावयाची होती. या जागेची कल्पना यावी म्हणून एक तुलना देतो. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह सामान्यतः तीन बाइट घेते. त्या हिशेबाने वाचकांच्या हाती असलेला हा एकच लेख त्या कॅसेटीची निम्म्याहून अधिक जागा व्यापील.

१९८३ साली निघालेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राचा पडदा लहान चौकटींनी भरला जाई. प्रत्येक चौकट आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे आणि पार्श्वभूमीसाठी एका वेळी अशा २५६ निरनिराळ्या चौकटी उपलब्ध असत. गवत, पाणी, भिंत, जिना आणि अक्षरे या सर्वांनी याच २५६ चौकटी वाटून घ्यावयाच्या. खिळ्यांनी अक्षरजुळणी होत असे त्या काळातील जुळाऱ्याचा पेटारा ज्यांनी पाहिला असेल, त्यांस ही अडचण ओळखीची वाटेल. प्रत्येक नवे अक्षर म्हणजे एक नवे घर, आणि घरे मोजकीच.

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र नांदतात. चिनी उगमाची कांजी चिन्हे सहस्रावधी असल्यामुळे त्यांचा विचारच शक्य नव्हता. देशी शब्दांसाठीची हिरागाना वर्णमाला घेतली गेली. परकी शब्दांसाठी वापरली जाणारी काताकाना वर्णमाला मात्र संपूर्ण घेणे परवडले नाही; तिच्यातील सुमारे वीसच अक्षरे ठेवण्यात आली. घोषवर्ण दर्शविणाऱ्या दोन टिंबांसाठी स्वतंत्र अक्षरे न पाडता, ती टिंबे वरच्या ओळीतील निराळ्या चौकटीत ठेवून खालच्या अक्षराशी जोडली गेली. म्हणजे ‘को’वर टिंबे दिली की ‘गो’ आणि ‘तो’वर दिली की ‘दो’. आपल्या मुद्रणाच्या इतिहासात अक्षर मात्रेसह एकसंध पाडण्याची ‘अखंड’ पद्धत होती, तशीच मात्रा निराळी पाडून अक्षराशी जुळविण्याचीही होती. दोन्हीकडील कारागिरांस एकच प्रश्न पडला आणि त्याचे उत्तरही एकच सुचले, हे लक्षणीय आहे.

जागेची टंचाई व्याकरणापर्यंत पोहोचली. नायकाची चार दिशांची चार चित्रे ठेवावयास जागा नसल्यामुळे मूळ आवृत्तीत तो सदैव खेळणाऱ्याकडेच तोंड करून चालतो. परिणामी कोणाशी बोलावयाचे झाल्यास ‘बोल’ ही आज्ञा देऊन भागत नाही. उत्तर, दक्षिण, पूर्व की पश्चिम हेही सांगावे लागते. चित्राने जे सांगावयाचे ते शब्दाने सांगितले. आज्ञा एकूण आठ होत्या. ‘बोल’, ‘शोध’ व ‘घे’ या अर्थाची तीन क्रियापदे आणि बळ, जिना, दार, मंत्र व साहित्य या अर्थाची पाच नामे. या आठ शब्दांच्या भाषेत खेळणाऱ्याने सारे जग हाताळावयाचे.

३

जी वीसेक काताकाना अक्षरे उरली, त्यांतूनच राक्षसांची व मंत्रांची नावे घडवावी लागली. या खेळात दहा मंत्र आहेत : होइमी, गिरा, रारिहो, रेमीरा, माहोतोन, रिरेमितो, रूरा, तोहेरोसु, बेहोइमी व बेगिरामा. ही यादी भाषाशास्त्राच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उपलब्ध अक्षरांत ‘रा, री, रू, रे, रो’ ही ओळ पुरी होती आणि तिचा उपयोग मुक्तहस्ताने केलेला दिसतो. दहांपैकी चार नावे ‘र’ने आरंभ होतात. आता प्राचीन जपानी भाषेतील देशी शब्द ‘र’ने कधी आरंभ होत नसत, हा त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचा प्रसिद्ध नियम आहे. आजही ‘र’ने सुरू होणारे जपानी शब्द बहुधा चिनी वा पाश्चात्त्य उसनवारीचे असतात. अर्थात ‘रूरा’ वा ‘रारिहो’ ऐकणाऱ्या जपानी मुलाच्या कानास ते शब्द घरचे वाटणे शक्य नव्हते. ते परके, म्हणूनच मंत्रासारखे वाटले असले पाहिजेत. मंत्राचे सामर्थ्य त्याच्या अर्थात नसून उच्चारात असते, ही समजूत आपणांसही अपरिचित नाही.

या नावांत रूपविचारही आहे. ‘होइमी’ जखम भरून काढतो; ‘बेहोइमी’ अधिक मोठी जखम भरून काढतो. ‘गिरा’ आग टाकतो. ‘बेगिरामा’ अधिक प्रखर. ‘बे’ हा पूर्वप्रत्यय सामर्थ्यवृद्धीचा वाचक आहे, हे खेळणाऱ्यास कोणी शिकवीत नाही. दोन उदाहरणांवरून तो नियम आपणच काढतो. व्याकरण पाठ न करता भाषा कशी आत्मसात होते, याचे हे लहानसे पण स्वच्छ उदाहरण होय. टंचाईतून जन्मलेल्या या शब्दांना पुढे प्रतिष्ठा लाभली. नंतरच्या यंत्रांवर अक्षरांचा तुटवडा राहिला नाही, तरी ‘होइमी’ व ‘रूरा’ तसेच राहिले.

४

कॅसेटीत खेळाची स्थिती साठविण्याची सोय नव्हती. त्यामुळे खेळ थांबविताना राजा खेळणाऱ्यास वीस हिरागाना अक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो कागदावर उतरून घ्यावयाचा व पुढच्या वेळी अचूक भरावयाचा. ६४ अक्षरांपैकी कोणतेही एक अक्षर प्रत्येक जागी येऊ शके. म्हणजे प्रत्येक अक्षर सहा द्विमान अंकांचे मूल्य वाही आणि वीस अक्षरांत असे १२० अंक मावत. नायकाचे नाव, अनुभव, धन व साहित्य एवढे सगळे त्यांत गुंफलेले असे. अंकांस अक्षरांचे रूप देण्याची ही युक्ती भारतीय अभ्यासकास नवी नाही. आपल्या कटपयादी पद्धतीत व्यंजनांस अंकमूल्य देऊन ज्योतिषातील मोठमोठ्या संख्या पाठ होतील अशा शब्दांत बांधल्या जात. हेतू एकच : संख्या मनुष्याच्या स्मृतीत टिकत नाही, शब्द टिकतो.

ही वीस अक्षरे पडद्यावर पाच, सात, पाच व तीन अशा तुकड्यांत मांडली जात. त्यांतील पहिले तीन तुकडे म्हणजे हायकूचाच साचा होय. बाशोचे बेडकावरील सुप्रसिद्ध हायकू लिहून त्यापुढे विशिष्ट तीन अक्षरे जोडली, तर यंत्र तो मंत्र ग्राह्य धरते, ही गोष्ट तेथील खेळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. निरर्थक अक्षरांची माळही भाषेच्या परिचित लयीत मांडली म्हणजे उतरून घेणे सोपे जाते. ओवीच्या किंवा आर्येच्या चालीवर शास्त्र पाठ करणाऱ्या समाजास हे निराळे सांगावयास नको.

उतरून घेताना चुका होत, हे ओघानेच आले. हिरागानातील काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात आणि त्या वेळचे दूरचित्रवाणीचे पडदे अस्पष्ट असत. एक अक्षर चुकले की यंत्र मंत्र नाकारी व कित्येक तासांचा खेळ वाया जाई. हस्तलिखितांत ‘प’ आणि ‘ष’ यांच्या घोटाळ्यामुळे पाठभेद कसे उपजतात, हे ज्यांनी अभ्यासिले आहे त्यांस या मुलांच्या वह्या म्हणजे पाठचिकित्सेचे विद्यालयच वाटेल. १९८७ सालच्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. तिसऱ्या भागात, १९८८ साली, कॅसेटीतच विद्युत्घट बसवून स्थिती साठविण्याची सोय झाली. लेखनाचा भार माणसाकडून यंत्राकडे गेला.

५

१९८९ साली निन्टेन्डो या संस्थेने हा खेळ ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने अमेरिकेत आणला. चित्रे सुधारली, नायक चारही दिशांना वळू लागला आणि विद्युत्घट आला. भाषांतरात मात्र एक मौजेचा उलटा व्यवहार घडला. मूळ संहितेतील पात्रे बहुशः साध्या, बोलक्या जपानीत बोलतात आणि गूढपणा आहे तो मंत्रांच्या नावांत. इंग्रजीत ‘होइमी’चे ‘हील’ झाले, ‘बेहोइमी’चे ‘हीलमोर’ झाले, ‘रूरा’चे ‘रिटर्न’ झाले; म्हणजे मंत्रांचा गूढपणा गेला व नुसते अर्थ उरले. त्याची भरपाई करण्यासाठीच की काय, पात्रांच्या तोंडी ‘दाऊ’ व ‘दाय’ ही जुनी सर्वनामे घालण्यात आली. मूळ लेखकाने ध्वनीत ठेवलेले अद्भुत भाषांतरकाराने सर्वनामात ठेवले, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत हेच काम करावयाचे झाले असते, तर प्रश्न अधिक सूक्ष्म झाला असता. इंग्रजीतील ‘दाऊ’ राजाच्या तोंडी व वाटसरूच्या तोंडी सारखेच चालले. मराठीत राजा नायकास ‘तू’ म्हणेल, गावचा म्हातारा ‘बाबा, तू’ म्हणेल, दुकानदार ‘तुम्ही’ म्हणेल आणि राजकन्येस ‘आपण’ म्हणावे लागेल. आठ आज्ञांच्या त्या जगात मराठीने समाजरचना आणली असती. ती संधी आलीच नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निन्टेन्डोचे हे यंत्र भारतात ‘सामुराई’ या नावाने विकले गेले. प्रतिस्पर्धी सेगा संस्थेचे ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र १९९५ साली शॉ वॉलेस या कंपनीने सुमारे १८,००० रुपयांस आणले. ही किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यातील नव्हे. खरा प्रसार झाला तो ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या स्वस्त नकलांचा; ‘लिटल मास्टर’ हे त्यांतील एक परिचित नाव. त्यांच्यासोबत एकाच कॅसेटीत अनेक खेळ भरलेले असत आणि ते बहुतेक सारे धावण्याचे, उड्या मारण्याचे व गोळ्या झाडण्याचे होते. ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ ही नावे त्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे नाव मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते.

तो खेळ मोठा होता म्हणून आला नाही, असे उत्तर सहज सुचेल. पण ते टिकत नाही. अमेरिकन आवृत्तीतील ‘कॉन्ट्रा’स १२८ किलोबाइट लागत, म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या दुप्पट. विद्युत्घटाची अडचण म्हणावी, तर मूळ जपानी कॅसेटीत तो नव्हताच. यांत्रिक दृष्ट्या तो खेळ येण्यास प्रत्यवाय नव्हता. प्रत्यवाय होता तो वाचनाचा. ‘मारिओ’ खेळण्यास एक अक्षरही वाचावे लागत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये आरंभीच्या राजवाड्यातून बाहेर पडण्यासही संवाद व आज्ञा वाचाव्या लागतात. जपानी आवृत्ती येथे कोणास वाचता येत नव्हती. इंग्रजी आवृत्ती होती ती अमेरिकन यंत्राच्या ७२ तारांच्या खोबणीसाठी, आणि आपल्याकडील नकली यंत्रांची खोबण ६० तारांची. शिवाय ती जुन्या वळणाची इंग्रजी गोंदियाच्या मुलास कितपत उमगली असती, हा प्रश्न उरतोच.

मग देवनागरीत तो करता आला असता काय? येथे थोडे गणित करून पाहू. आठ बिंदूंच्या चौकटीत मात्रा-वेलांट्यांसह देवनागरी अक्षर सुवाच्य होत नाही. सोळा बिंदूंचे अक्षर घेतल्यास त्यास चार चौकटी लागतात. २५६ चौकटींत अशी ६४ अक्षरे बसतील. ‘अखंड’ पद्धतीने एका व्यंजनाच्या बाराखडीस बारा रूपे लागतात. म्हणजे पाच व्यंजनांची बाराखडी झाली की पेटारा भरला. गवतास व भिंतीस जागा उरत नाही ती नाहीच. परंतु मात्रा सुट्या ठेवून, जोडाक्षरे टाळून व निवडक व्यंजने घेऊन काम भागविणे अशक्य नव्हते. जपानी कारागिरांनी याहून निराळे काही केले नाही. सावरकर व काकासाहेब कालेलकर यांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी येथे आठवते. ‘अि, अी, अु, अू’ असे लिहिल्याने इ, ई, उ, ऊ यांची स्वतंत्र घरे वाचतात. छपाईच्या सोयीसाठी सुचविलेली व वाचकांनी न स्वीकारलेली ती सुधारणा अशा यंत्रास अगदी साजेशी होती.

आणि ज्ञानाचीही उणीव नव्हती. याच सुमारास कानपूरच्या आय.आय.टी.त झालेल्या कामातून ‘जिस्ट’ हे तंत्र सिद्ध झाले व १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने त्याचा प्रसार केला. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, त्याच वर्षी, देवनागरी होती. म्हणजे देवनागरी पडद्यावर आणण्याची विद्या महाराष्ट्रातच उपलब्ध होती; ती कचेऱ्यांसाठी व छपाईसाठी राबली. मुलांच्या खेळास भाषा लागते, हा विचारच कोणाच्या मनात आला नाही.

याचा परिणाम काय झाला? त्या खेळांतून मराठी मुलांच्या बोलीत ‘स्टेज’, ‘लाइफ’, ‘लेव्हल’, ‘गेम ओव्हर’ असे शब्द आले. ही जवळजवळ सारी नामे आहेत. वाक्य आले नाही, संवाद आला नाही, कथा आली नाही. जपानी मूल त्याच यंत्रावर स्वभाषेत वाचीत व लिहीत होते; आपले मूल त्याच यंत्रावर केवळ बोटे चालवीत होते. ही उणीव अद्याप पुरती भरून निघालेली नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली भारतीय पुराणकथांवर आधारलेला ‘राजी’ हा खेळ सिद्ध केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याचेही निवेदन प्रसिद्धीच्या वेळी इंग्रजीतच होते.

७

शेवटी एक भेद स्पष्ट करणे अवश्य वाटते. थोड्या अक्षरांत भाषा दरिद्री होते, असा निष्कर्ष वरील विवेचनावरून कोणी काढू नये. फुलचूरच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ण, ळ, छ, श व ष ही पाच व्यंजने नाहीत. ‘पाणी’चे तेथे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चे ‘डोरा’. म्हणून त्या बोलीत काही सांगता येत नाही असे नाही. तिची व्यवस्था स्वयंपूर्ण आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची वीसेक काताकाना अक्षरेही पुरेशी ठरली, कारण ती कोणत्या कामासाठी हवीत हे ठरवून निवडली गेली. अक्षरे थोडी असणे निराळे आणि लिपीला जागाच नसणे निराळे. पहिल्यातून ‘होइमी’ निर्माण होते. दुसऱ्यातून काहीच निर्माण होत नाही.

जागा मिळणे हे शेवटी कोणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असते. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी लिपी रचली. तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१७ साली, ९९ वर्षांनी. यंत्राची शक्ती त्यापूर्वी कित्येक वर्षे पुरेशी होती.

या विषयात आमच्या विद्यार्थ्यांस करण्यासारखे काम आहे, आणि ते तातडीचे आहे. कॅसेटींच्या काळात वाढलेली पिढी आज चाळिशीत आहे. खेळाच्या वस्तू, चाली, शत्रू व टप्पे यांना मराठी, झाडीबोली, पोवारी व गोंडी बोलणाऱ्या मुलांनी कोणती नावे दिली, पडद्यावरील न कळणाऱ्या अक्षरांचे त्यांनी काय अर्थ लावले, याची नोंद अद्याप व्हावयाची आहे. ‘कॅसेट’ या शब्दाचा तो अर्थ आताच नव्या मुलांस कळेनासा झाला आहे. जपानी मुलांच्या वह्यांत निदान वीस अक्षरे तरी उतरलेली राहिली. आपल्याकडील शब्द कोणी उतरून घेतलेले नाहीत. ते सांगणारे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होऊ शकेल.